एक ठिपका जास्तीचा

ट्रिप्सिन हे प्रयोगशाळेतलं सगळ्यात शिस्तीचं एन्झाइम, असं पुस्तकं सांगतात. मीही मुलांना वर्षानुवर्षं तसंच शिकवत आलो. प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची लांबलचक साखळी. त्या साखळीत लायसिन किंवा आर्जिनिन आलं की ट्रिप्सिन त्याच्या लगेच पुढे काप घेणार. बाकीच्या अठरांकडे ढुंकूनही पाहणार नाही. परीक्षेत दोन मार्कांचा प्रश्न आणि दोनच ओळींचं उत्तर. मुलगा पास होतो, पुण्या-हैदराबादकडे एखाद्या औषध कंपनीत लागतो आणि पहिल्यांदा खऱ्या प्रथिनाचा पेप्टाइड नकाशा काढायला बसतो. मग त्याचा फोन येतो. "सर, हिशोबानं जेवढे तुकडे पडाले पाहिजे, त्याच्यापेक्षा जास्त दिसून राहिले ना जी."

त्याच्या आवाजात तक्रार असते, आणि ती ट्रिप्सिनविरुद्ध नसते, माझ्याविरुद्ध असते.

पेप्टाइड नकाशा म्हणजे तरी काय? प्रथिनाचे ठरावीक जागी तुकडे करायचे, ते एकमेकांपासून वेगळे पसरवायचे आणि कोणता तुकडा कुठं पडला ते पाहायचं. इन्सुलिन असो की कॅन्सरवरचं अँटिबॉडीचं औषध, आज बनवलेला माल कालच्यासारखाच आहे हे कंपनीला असंच दाखवून द्यावं लागतं. नकाशा तंतोतंत जुळला तर माल बाहेर जातो. एक ठिपका जास्तीचा निघाला तर साहेबापासून शिपायापर्यंत कुणाला जेवण गोड लागत नाही.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या माणसाला हे समजावून द्यायला बांबू पुरतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाचं नाव बांबूमुळं देशभर झालं. 2011 च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश तिथं आले आणि बांबू वाहतुकीच्या पासांचं पुस्तक त्यांनी ग्रामसभेच्या हाती दिलं. पण बांबू तोडायचा कायदा सरकारच्या कायद्याहून जुना आहे. यंदाचा कोवळा कोंब तोडायचा नाही. काप जमिनीपासून वीतभर वर, आणि तोही पेराच्या अगदी लगत वर घ्यायचा. नाहीतर उरलेल्या कांड्याच्या पेल्यात पावसाचं पाणी साचतं आणि बुंधा सडतो. ट्रिप्सिनही असंच पेर पाहून काप घेतं. पुढचं कांडं प्रोलिनचं असलं तर सहसा हात आखडतं, कारण प्रोलिनपाशी साखळीला एक अवघड वळण असतं आणि कोयता नीट बसत नाही. इथवर पुस्तक आणि जंगल यांचं एकमत आहे. पण कोणत्याही मुकादमाला विचारा, संध्याकाळी बंडलं मोजायला घेतली की भलत्याच जागी तोडलेले चार-दोन बांबू निघतातच. कोयता बोथट झालेला असतो, नाहीतर तोडणारा नवखा असतो. कधी शेजारच्या टोळीतलाच कुणीतरी येऊन तोडून गेलेला असतो.

या शेजारच्या टोळीचं नाव कायमोट्रिप्सिन. दोघांचं घर एकच, स्वादुपिंड. गाईच्या किंवा डुकराच्या स्वादुपिंडातून ट्रिप्सिन काढताना हे भावंडही थोडंसं बरोबर येतं. त्याला टायरोसिन, फेनिलअ‍ॅलनिन, ट्रिप्टोफॅन, कधीमधी ल्युसिनसुद्धा चालतं. म्हणजे ट्रिप्सिनच्या नावानं पावती फाडलेली आणि काप मात्र भावानं घेतलेला. हा भाऊ लुळा पडावा म्हणून टीपीसीके नावाचं रसायन घालतात, आणि बाटलीवर तसं छापून किंमत वाढवतात.

भाऊ नसतानाही ट्रिप्सिनचं वागणं सरळ राहतंच असं नाही. पोटापाण्याला दुसरं प्रथिन कमी पडलं की ते स्वतःलाच खायला लागतं. ट्रिप्सिन हेही प्रथिनच. त्याच्या अंगातही लायसिन आहेत, आर्जिनिन आहेत. एका ट्रिप्सिननं दुसऱ्याला चावलं की काही रेणू मरत नाहीत, नुसते बिघडतात, आणि अशा बिघडलेल्या ट्रिप्सिनची आवड बदलते. ते मग भावासारखंच टायरोसिनच्या मागे लागतं. शास्त्रज्ञांनी त्याला चक्क तोतया ट्रिप्सिन असं नाव दिलंय. यावर उपाय म्हणून ट्रिप्सिनच्या स्वतःच्या लायसिनांना आधीच मिथाइल लावून ठेवतात, म्हणजे त्याला आपलंच अंग ओळखू येत नाही. माणसांसाठी असं काही निघालं तर बऱ्याच कुटुंबांना उपयोगी पडेल.

उलटा प्रकारही होतो, काप पडायला हवा तिथं पडत नाही. शेजारी आम्लधर्मी अमिनो आम्लं बसली असली की ट्रिप्सिन कचरतं. दोन लायसिन एकाशेजारी एक आले तर कोणत्या पेरावर कोयता टाकावा हे त्याला ठरवता येत नाही. शिवाय प्रथिनाची घडी उलगडायला युरिया घालतात आणि त्या युरियाचं द्रावण तापलं की त्यातून सायनेट निघतं. ते लायसिनला चिकटलं की ट्रिप्सिनच्या लेखी ते लायसिनच उरत नाही.

तापलं की, असं म्हणालो. आता चंद्रपुरात तापणं काय चीज आहे हे वेगळं सांगायला नको. पद्धतीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की मिश्रण रात्रभर 37 अंशांवर ठेवा. युरोपात त्यासाठी इन्क्युबेटर गरम करावा लागतो. मे महिन्यात चांद्याचा पारा 46-47 ला टेकतो, तेव्हा आमच्याकडे इन्क्युबेटर थंड कसा ठेवावा हा प्रश्न असतो. पेटीवरचा काटा 41 दाखवत असायचा आणि बटण बंद असायचं. त्यात वीज. शेजारी 2,920 मेगावॅटचं महाऔष्णिक केंद्र धूर सोडत उभं, आणि आमच्या फ्रिजचा दिवा ऐन दुपारी मालवलेला. फ्रिजमधलं ट्रिप्सिन सौम्य आम्लात ठेवलं असेल तर ते भूक आवरून बसतं. विम्लात ठेवलं असेल आणि बर्फ वितळला असेल, तर संध्याकाळपर्यंत बाटलीत आपसातला संसार आटोपलेला.

तेव्हा फोनवरच्या मुलाला मी क्रमानं विचारत जातो. एन्झाइम कधीचं आहे? रात्रभर ठेवलंस की शनिवार-रविवार दोन्ही? युरिया ताजा होता का? डोक्याला टोपी घातली होतीस का? शेवटच्या प्रश्नावर तो बिचकतो. पण आजची वस्तुमान मोजणारी यंत्रं इतकी तीक्ष्ण झाली आहेत की नमुन्यात पडलेला कातडीचा अदृश्य कण किंवा केसाचा तुकडासुद्धा त्यांना दिसतो, आणि त्यातल्या केराटिनचेही तुकडे नकाशात हजर होतात. आपल्याला कधी कुणाला न सापडलेलं प्रथिन सापडलं म्हणून पोरानं पेढे वाटायची तयारी करावी, आणि ते निघावं त्याच्याच डोक्यातल्या कोंड्याचं.

एवढी सगळी झाडाझडती झाली, नव्या बाटलीतलं एन्झाइम वापरून पाहिलं आणि तरीही ठिपका तिथंच असला, तर मात्र खुर्ची ओढून बसावं. कारण मग चूक काप घेणाऱ्याची नसते. साखळीच वेगळी असते.

याची सगळ्यात चांगली गोष्ट केंब्रिजमध्ये घडली, आणि तिचा संबंध थेट आमच्या जिल्ह्यांशी आहे. व्हर्नन इन्ग्राम हा जर्मनीतून लहानपणी इंग्लंडला आलेला निर्वासित मुलगा, पुढे रसायनशास्त्रज्ञ झाला आणि कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत मॅक्स पेरुट्झच्या गटात लागला. डीएनएवाला फ्रान्सिस क्रिक तिथंच. जनुकात फरक पडला की प्रथिनात नेमका काय फरक पडतो, हे या दोघांना पकडायचं होतं. आधी त्यांनी लायसोझाइम घेतलं, जे अंड्याच्या पांढऱ्या भागात असतं आणि माणसाच्या अश्रूंतही असतं. अश्रू पुरवायचं काम क्रिकनं स्वतःकडे घेतलं. माणूस आणि कोंबडी यांच्यात फरक सापडला. पण एका कोंबडीत आणि दुसऱ्या कोंबडीत काही सापडेना. त्यासाठी एवढं रडायची गरज होती का, असं आपल्याला वाटतं.

मग इन्ग्रामनं सिकलसेलचं हिमोग्लोबिन हातात घेतलं. 1910 साली शिकागोच्या जेम्स हेरिकनं ग्रेनाडाहून आलेल्या एका दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्याचं छापलं होतं. 1949 साली लायनस पाउलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की या रुग्णांचं हिमोग्लोबिन विजेच्या दाबाखाली वेगळ्या वेगानं पळतं, म्हणजे दुखणं रेणूतच आहे. पण कुठं? जवळपास पावणेसहाशे अमिनो आम्लांचा रेणू तो. इन्ग्रामनं त्यावर ट्रिप्सिन सोडलं. मिश्रणाचा एक थेंब मोठ्या गाळणकागदावर ठेवला. बल्लारपूरच्या गिरणीत बांबूचा होतो तो लिहायचा कागद नव्हे, हा पाणी शोषणारा. त्यावर एका दिशेनं वीज सोडून तुकडे पळवले, मग कागद काटकोनात फिरवून दुसऱ्या दिशेनं द्रावकाबरोबर चढवले. शेवटी निनहायड्रिन फवारून कागद तापवला की एकेक ठिपका जांभळा होऊन वर येतो. निनहायड्रिननं बोटंही जांभळी होतात आणि चार दिवस जात नाहीत. आमच्या कॉलेजात कुणी प्रॅक्टिकल केलं आणि कुणी नुसती वही उतरवली, हे मी हात पाहून सांगायचो.

कागदावर सुमारे 30 ठिपके उमटले. रेणूतल्या लायसिन-आर्जिनिनांच्या संख्येवरून पाहिजे होते त्याच्या निम्मेच, कारण हिमोग्लोबिनचे दोन अर्धे एकसारखे असतात आणि त्यांचे तुकडे एकावर एक पडतात. निरोगी हिमोग्लोबिनचा कागद आणि सिकलचा कागद शेजारी ठेवले. सगळे ठिपके जागच्या जागी, फक्त एक सरकलेला. 1956 साली 'नेचर'मध्ये एवढंच छापलं. पुढच्या वर्षी तो तुकडा वाचल्यावर कळलं, की एका ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसलंय. आज आपण त्याला बीटा साखळीतलं सहावं स्थान म्हणतो. 146 पैकी सहावं. यात नशिबाचाही भाग होता. हिमोग्लोबिनचा बराच मोठा गाभा ट्रिप्सिनला पचतच नाही, तो इन्ग्रामला बाजूला ठेवावा लागला होता आणि पुढे त्यावर कायमोट्रिप्सिन, म्हणजे तोच बदनाम भाऊ, सोडावा लागला. फरक त्या गाभ्यात असता तर दोन्ही कागद हुबेहूब सारखे दिसले असते.

सिकलमध्ये ठिपका सरकला, पण तुकड्यांची संख्या तेवढीच राहिली. खरी गंमत 1958 साली झाली. सी नावाचं आणखी एक हिमोग्लोबिन पश्चिम आफ्रिकेच्या वंशातल्या लोकांत सापडलं होतं. जॉन हंट आणि इन्ग्राम यांनी त्याचा कागद काढला तर जुना ठिपका गायब, आणि त्याच्याऐवजी नवेच उमटलेले. कुणालाही आधी एन्झाइमवर संशय यावा अशी परिस्थिती. निघालं असं की सहाव्याच स्थानावर, त्याच ग्लुटामिक आम्लाच्या जागी, इथं लायसिन आलं होतं. आणि लायसिन आलं म्हटल्यावर ट्रिप्सिन थोडंच सोडतंय! आठ अमिनो आम्लांचा एक तुकडा पडायचा तिथं सहाचा एक आणि दोनचा एक, असे दोन पडले. ट्रिप्सिननं नियम मोडला नव्हता, पाळला होता. आपल्याकडे आसाम-बंगालच्या बाजूला ई नावाचं हिमोग्लोबिन भरपूर आढळतं, त्यातही हीच तऱ्हा: सव्विसाव्या स्थानी लायसिन आणि तिथं नवा काप.

मी हे शिकवायचो तेव्हा वर्गात थोडी शांतता व्हायची; पण ती सीमुळं किंवा ईमुळं नाही. समोर बसलेल्या मुलांपैकी काहींच्या घरात एस, म्हणजे सिकलचं हिमोग्लोबिन, होतं.

ज्या 1958 साली केंब्रिजमध्ये सीचा कागद वाळत होता, त्याच वर्षी नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतात सिकलसेल असल्याचं 'लॅन्सेट'मध्ये छापलं. ऐंशीच्या दशकात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं गडचिरोलीत त्यावर काम केलं. पुण्याचे डॉ. सुदाम काटे आयुष्यभर महाराष्ट्रातल्या आदिवासींचं रक्त तपासत फिरले. गोंड, माडिया, परधान यांच्यात हे आहे, आणि गावातल्या इतर समाजांतही आहे. जंगलाचा आजार म्हणून नाक मुरडणाऱ्यांच्या आळीतसुद्धा सापडतं. ते टिकलं मलेरियामुळं. आईकडून किंवा बापाकडून, असं एकाच बाजूनं आलेलं एस फाल्सिपॅरम मलेरियापासून लेकराचा जीव बराच वाचवतं, हे अँथनी अ‍ॅलिसननं 1954 साली आफ्रिकेत दाखवलं. आणि भामरागड-एटापल्लीकडे मलेरियाला कधी तोटा पडला नाही.

इथंही कात्रीनंच एक गुपित फोडलं, फक्त ती प्रथिनाची नव्हे, डीएनएची. डीएनए ठरावीक अक्षरं पाहून कापणारी एन्झाइमं असतात. ती आफ्रिकेतल्या सिकलच्या जनुकावर चालवली तर आजूबाजूचे काप काही ठरावीक तऱ्हांनी पडतात. भारतातल्या नमुन्यांवर चालवली, तर काप भलतीकडेच. म्हणजे आपलं सिकल आफ्रिकेतून आलेलं नाही; तेच अक्षर इकडे स्वतंत्रपणे बदललं, असा त्याचा अर्थ लावला गेला. या आपल्या प्रकारात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकून राहतं आणि त्यामुळं दुखणं सौम्य राहतं, असं पुस्तकात आहे. विदर्भातल्या ज्या आईनं लेकराला हाडं दुखतात म्हणून रात्रभर मांडीवर घेतलंय, तिच्यापुढं हे पुस्तक उघडू नये.

आता गावात काय होतं ते सांगतो. आरोग्य केंद्रातून माणसं येतात, बोटाला टोचून थेंबभर रक्त घेतात आणि एका नळीतल्या द्रावणात टाकतात. नळीमागे काळ्या रेघा मारलेला कागद धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर सुटलात. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर एस आहे. पण एकेरी की दुहेरी, हे गढूळपणावरून कळत नाही. त्यासाठी पुढे इलेक्ट्रोफोरेसिस करावं लागतं, म्हणजे पाउलिंगचीच पळवापळवी. मग कागद हातात येतो: एए, एएस किंवा एसएस, यातलं ए म्हणजे निरोगी. आमच्याकडे याला 'पॅटर्न' म्हणतात. "पोरीचा पॅटर्न काय हाये?" हा प्रश्न आता सोयरिकीत पत्रिकेच्या आधी निघतो. 1 जुलै 2023 ला शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, 2047 पर्यंत सिकलसेल संपवायचं ठरलं, आणि तपासण्या आणखी वाढल्या. चांगलंच झालं.

पण कागद हातात पडल्यावर माणसं कुठं काप घेतील याचा नियम कोणत्याही पुस्तकात नाही. मुलगी एएस आणि मुलगा एए असला तर त्यांच्या एकाही लेकराला एसएस होणं नाही. तरी ही सोयरीक मोडते. दोघंही एएस असले तर दर खेपेला चारात एक एवढा धोका. पण दोन्हीकडचे कागद कपाटात राहतात आणि मांडव पडतो. कागद मागितला जातो तो बहुतेक मुलीचाच. मुलाचा मागितला की त्याच्या घरच्यांना अपमान झाल्यासारखं वाटतं. जसं काही बीटा साखळी फक्त मायकडूनच येते.

आमच्या ओळखीतले एक काका सोयरिकी जमवतात. त्यांना मी एकदा चारात एकचं गणित समजावून दिलं. त्यांनी ते मन लावून ऐकलं आणि एका जोडप्याला जाऊन सांगितलं, की तुमचं पहिलं सिकलचं निघालं ना, आता पुढचे तीन बिनघोर! मी कपाळाला हात लावला. पुन्हा बसवून सांगितलं की काका, दर खेपेला चिठ्ठ्या नव्यानं टाकतात, मागच्या चिठ्ठीचा हिशोब देव ठेवत नाही. काकांनी मान डोलावली.

परवा ते एका मुलाचा कागद घेऊन आले. चेहरा उजळलेला.

"सर, हे पक्कं करून टाका. पोरगी एएस हाये, पन पोराचं काम एकदम चोख निघालं. ए हाये."

"एक ए की दोन ए?" मी विचारलं.

"आता किती पाहिजे जी तुमाले?" काका म्हणाले. "ए पॉझिटिव्ह हाये!"

मी कागद उलटसुलट करून पाहिला. तो रक्तगटाचा होता.

"काका, पोराले उद्या सकाळी रिकाम्या पोटी आना," मी म्हणालो. उपाशी पोटाची काही गरज नव्हती. पण नाश्ता करून निघाला की तो दुपारपर्यंत उगवत नाही, हे मला ठाऊक होतं.